फीड रीडरची टाइमलाइन करू नका

खुल्या सोशल वेबसाठी फीड रीडरचा नव्यानं विचार करायला हवा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मास्टोडॉन आणि ब्लूस्कायवरच्या पोस्ट, वर्डप्रेसवरचे ब्लॉग, पॉडकास्ट, यूट्यूबवरची चॅनेल हे सगळं आज एकाच माणसाच्या वाचनात येतं. २००५ च्या सुमाराला घडवलेला रीडर त्याला पुरत नाही, हे उघड आहे. माझा विरोध आहे तो यापुढच्या युक्तिवादाला. जुना रीडर लोकांना नकोच होता म्हणून तो मेला. तेव्हा आता सगळे स्रोत एकाच प्रवाहात ओता, वाचलं-न वाचलं याचा हिशोब काढून टाका आणि वर काय दाखवायचं ते प्रोग्रामला ठरवू द्या, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. ऐकायला हे सुटसुटीत वाटतं. पण यातलं निदान चुकीचं आहे, आणि सुचवलेला उपाय अमलात आला तर ज्या जाचातून सुटायला आपण खुल्या वेबकडे आलो तोच जाच पुन्हा आपल्या घरात येईल.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. खुली सोशल वेब म्हणजे एका कंपनीच्या ॲपमध्ये सगळ्यांना कोंडण्याऐवजी वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या माणसांनी सामायिक नियमांनुसार एकमेकांना वाचणं, उत्तर देणं. मास्टोडॉन ज्या नियमांवर चालतं त्या ॲक्टिव्हिटीपबला डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक-संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. ब्लूस्कायचा प्रोटोकॉल वेगळा आहे, पण उद्देश त्याच जातीचा. फीड ही यांच्याहून जुनी आणि साधी गोष्ट. साइट आपल्या ताज्या मजकुराची एक फाइल ठरलेल्या साच्यात ठेवते, आणि वाचकाचा रीडर ती अधूनमधून जाऊन पाहतो. मागच्या वेळेनंतर काही बदललं का, एवढंच तो सर्व्हरला विचारतो. बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा परत पाठवतो आणि विषय संपतो. तुमचं नाव, वय, तुम्ही कुठल्या चित्रावर किती वेळ थांबलात, यातलं काहीही त्याला लागत नाही.

आता 'लोकांना नको होता' या दाव्याकडे येऊ. आरएसएस हा फीडचा साचा मार्च १९९९ मध्ये नेटस्केपनं आणला. आजही सगळ्यात जास्त दिसणारी आरएसएसची २.० ही आवृत्ती २००२ ची, आणि ॲटम हा दुसरा साचा डिसेंबर २००५ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत मानकांत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगल रीडर सुरू झाला आणि काही वर्षं तो जगभरच्या ब्लॉगवाचकांचा अड्डाच होता. पुढे काय घडलं ते तारखांच्या क्रमानं पाहिलं पाहिजे. २०११ च्या ऑक्टोबरअखेर गूगलनं रीडरमधली आपसात लेख शेअर करायची आणि त्यावर बोलायची सोय काढली आणि तिच्या जागी गूगल प्लस या आपल्या सोशल नेटवर्कचं बटण बसवलं. इराणमधल्या वाचकांनी तेव्हा विशेष आक्रोश केला, कारण तिथं बंदी घातलेल्या साइटवरचा मजकूर त्यांना रीडरमधून एकमेकांपर्यंत पोचवता येत होता. जुलै २०१२ मध्ये ॲपलनं सफारी ब्राउझरमधून फीड वाचायची सोय काढली. मार्च २०१३ मध्ये गूगलनं रीडर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १ जुलैला तो बंद केला. त्याच वर्षी जूनमध्ये ट्विटरनं आपला जुना एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना मजकूर मिळायची वाट, बंद केला आणि त्याबरोबर ट्विटरच्या फीडही गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या ६४ व्या आवृत्तीतूनही फीड वाचायची सोय गेली.

यातला एकही निर्णय वाचकांनी घेतलेला नाही. वापर कमी होत गेला, हे गूगलनं तेव्हा दिलेलं कारण. असेलही. पण आधी माणसांनी एकमेकांशी बोलायची सोय काढून घ्यायची, मग ब्राउझरच्या पत्तापट्टीतून फीडचं चिन्ह गायब होऊ द्यायचं, आणि शेवटी गर्दी ओसरली म्हणून दुकान बंद करायचं, यातून वाचकांची आवड सिद्ध होत नाही. रीडर बंद होणार ही बातमी आल्यावर ४८ तासांत ५ लाखांहून अधिक वापरकर्ते आपल्याकडे आले, असं फीडली या दुसऱ्या रीडरनं जाहीर केलं होतं. नको असलेल्या वस्तूसाठी लोक दोन दिवसांत घर बदलत नाहीत. आणि ज्या गूगल प्लससाठी हा सगळा खटाटोप झाला, ते सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद करावं लागलं.

याहून भक्कम पुरावा पॉडकास्टचा आहे. पॉडकास्ट म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आरएसएस फीडच. फाइलीतल्या नोंदीला ध्वनिफीत जोडलेली असते, एवढाच फरक. जून २००५ मध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टची यादी आणि 'सबस्क्राइब'चं बटण दिलं. त्यामागे कुठली फाइल आहे, ती कुठल्या साच्यात आहे, हे श्रोत्याला कळायची गरजच उरली नाही. आज लोकलमध्ये कानात इअरफोन घालून मुलाखत ऐकणाऱ्या माणसाला फीड हा शब्दही ऐकून माहीत नसतो, पण तो रोज फीड वापरत असतो. हा मळा कुंपणाआड घ्यायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. स्पॉटिफायनं २०२० मध्ये जो रोगन यांचा कार्यक्रम मोठी रक्कम मोजून फक्त आपल्याकडे आणला. २०२४ च्या नव्या करारात तो पुन्हा इतर ॲपवरही मोकळा झाला. तोच साचा, तीच यंत्रणा. जिथं दार उघडं ठेवलं तिथं ती टिकली, जिथं दार बुजवलं तिथं ती मेली असं सांगितलं गेलं. म्हणून 'लोकांना नको होता' हे वाक्य मी मान्य करत नाही, आणि त्यावर उभी केलेली कुठलीही रचना मला संशयास्पद वाटते.

अर्थात, जुन्या रीडरमध्ये दोष होते आणि ते गंभीर होते. एक मोठा दोष असा की त्यानं ईमेलचा चेहरा घेतला. डावीकडे स्रोतांची यादी, प्रत्येकापुढे न वाचलेल्या नोंदींचा ठळक आकडा. चार दिवस परगावी जाऊन यावं तर तो आकडा हजारावर गेलेला असे. ईमेलला कुणीतरी उत्तराची वाट पाहत असतं; ब्लॉगला कुणीही तशी वाट पाहत नसतं. तरीही रीडरनं वाचनाचं देणं करून ठेवलं. घरी पोस्टानं येणारं साप्ताहिक टेबलावर आठवडाभर न उघडता पडलं तरी ते आपल्याला जाब विचारत नाही, आणि पंधरा दिवसांनी उघडलं तरी त्यातला लेख शिळा झालेला नसतो. रीडरमध्ये हा मोकळेपणा नव्हता. आरएसएसच्या घडणीत मोठा वाटा असलेले डेव्ह वायनर त्या काळापासूनच सांगत होते की ईमेलचा हा साचा टाका, बातम्या नदीसारख्या वाहू द्या, जे नजरेतून निसटलं ते निसटलं. आकड्याबद्दल त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पण नदीचा उपाय जसाच्या तसा आजच्या सोशल वेबला लावला की काय होतं ते पाहा. समजा, माझ्या यादीत दोन माणसं आहेत. एक जण मास्टोडॉनवर दिवसाला चाळीस पोस्ट टाकतो. दुसरी बाई जुन्या मराठी ब्लॉगवर तीन महिन्यांतून एकदा, नदीकाठच्या गावांवर किंवा एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कादंबरीवर, तीन हजार शब्दांचा लेख लिहिते. दोघंही माझ्या यादीत आहेत, दोघांनाही मी स्वतः निवडलंय. सगळं काळानुक्रमानं एका प्रवाहात ओतलं की त्या बाईंचा लेख दुपारी तीन वाजता येतो आणि संध्याकाळी सातपर्यंत खाली वाहून गेलेला असतो. पुढचा लेख तीन महिन्यांनी. मला सगळ्यात जास्त हवं असलेलं लेखन मला कधीच दिसत नाही, आणि ते दिसलं नाही हेही मला कळत नाही. काळानुक्रम निष्पक्ष आहे असा एक समज आहे. पण जो जास्त बोलतो त्याला तो जास्त जागा देतो. त्याला निष्पक्ष म्हणायचं कशाला?

गेल्या दोन वर्षांत आलेली काही ॲप याच वळणावर उभी आहेत. आयकनफॅक्टरीचं टॅपेस्ट्री २०२५ मध्ये आलं. ते ब्लॉग, मास्टोडॉन, ब्लूस्काय, पॉडकास्ट सगळं एका सलग पट्ट्यात लावतं, आणि क्रम वेळेचाच ठेवतं, स्वतःचं शहाणपण त्यात घुसवत नाही. ही प्रामाणिक भूमिका आहे आणि मी तिचा आदर करतो. पण तिच्यातून वर सांगितलेला प्रश्न सुटत नाही. आणि तो सुटत नाही म्हणून लगेच दुसरे येऊन म्हणतात: बघा, माणसाला एवढं झेपत नाही, आता निवड अल्गोरिदमनंच करावी. आधी सगळं एकत्र ओतायचं, मग गर्दी झाली म्हणून गाळणी विकायची. एकत्र ओतायचंच का, हा प्रश्न मधल्यामधे कुणी विचारत नाही.

उत्तर अवघड नाही. कुठला स्रोत किती वेळानं लिहितो हे रीडरला आपोआप कळतं. मागच्या नोंदींच्या तारखा त्याच्यापाशी असतातच. तीन महिन्यांनी लिहिणाऱ्याचा लेख तुम्ही उघडेपर्यंत वर थांबवून ठेवायचा, चाळीस पोस्टवाल्याचं बोलणं दिवसाच्या एका चौकटीत गोळा करायचं, बातम्यांची फीड दोन दिवसांनी आपोआप विझू द्यायची. हे साधे नियम आहेत, ते वाचकाला दिसतात, आणि पटले नाहीत तर बदलता येतात. त्यात कुणाला किती लाइक मिळाले हे मोजावं लागत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, या नियमांना मजकुराची भाषा कळावी लागत नाही. लोकांच्या प्रतिसादावर क्रम लावणारी यंत्रणा मराठीतल्या दोनशे वाचकांच्या लेखाला इंग्रजीतल्या दोन लाखांच्या गर्दीशी एकाच तराजूत तोलते. तारखा मोजणारा नियम हा अन्याय करू शकत नाही.

मराठी वाचकाला हे कोरडं तंत्र वाटू नये. युनिकोडमुळे मराठी टाइप करणं सुलभ झालं आणि २००५ नंतरच्या चार-पाच वर्षांत मराठी ब्लॉगांना बहर आला, तेव्हा 'मराठी ब्लॉगविश्व'सारख्या संकलकांवर नव्या नोंदी एकत्र दिसत. नागपूरचा माणूस न्यू जर्सीतल्या गृहिणीचं लिखाण तिथून वाचे. तो शेजार फीडवर उभा होता. पुढे बरेच लेखक फेसबुकवर गेले, कारण वाचक तिथं होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांनी तिथं लिहिलेले दीर्घ, कसदार मजकूर आज शोधायला गेलं तर सापडत नाहीत, आणि त्याच लेखकांच्या जुन्या ब्लॉगवरच्या नोंदी मात्र अजून पत्त्यासकट उघडतात.

आता दुसरा दावा. मास्टोडॉन किंवा ब्लूस्काय हेच आजचे रीडर आहेत, वेगळा रीडर हवाच कशाला, असंही म्हणतात. याचं उत्तर एक फाइल उघडून पाहिली की मिळतं. मास्टोडॉनवरच्या कुठल्याही सार्वजनिक खात्याच्या पत्त्यापुढे टिंब देऊन आरएसएसची तीन इंग्रजी अक्षरं जोडली की त्या माणसाची फीड मिळते. नोंदीला दुवा असतो, तारीख असते, मजकूर असतो. शीर्षक नसतं. मास्टोडॉनच्या पोस्टला शीर्षक नसतंच, आणि आरएसएस २.० च्या नियमांत शीर्षक किंवा मजकूर यांपैकी एक असलं तरी चालतं, त्यामुळे फाइल बिनचूक आहे. पण जुना रीडर यादी बनवतो ती शीर्षकांची. मग पडद्यावर एकाखाली एक 'शीर्षक नाही', 'शीर्षक नाही' अशी रांग लागते. शिवाय लेखकानं इतरांना दिलेली उत्तरं त्या फीडमध्ये येत नाहीत, म्हणजे संवादातली एकच बाजू हाती लागते.

हीच गोष्ट उलट बाजूनं पाहा. वर्डप्रेसचा ब्लॉग प्लगिनच्या मदतीनं ॲक्टिव्हिटीपबवर आणता येतो आणि मास्टोडॉनवरचा माणूस तो फॉलो करू शकतो. पण मास्टोडॉन घडलंय ते पाचशे अक्षरांच्या पोस्टसाठी. लेख या जातीचा मजकूर आला की बराच काळ ते त्याचं शीर्षक आणि दुवा एवढंच दाखवत आलं. तीन हजार शब्दांचा लेख तिथं एका ओळीचा होतो. ब्लूस्कायवरची पोस्ट तर तीनशे अक्षरांची. लेखांसाठी घडवलेल्या खिडकीत गप्पा मावत नाहीत आणि गप्पांसाठी घडवलेल्या खिडकीत लेख. रीडरचा नव्यानं विचार करायचा तो इथं: छोट्या पोस्टला पोस्टसारखं दाखवा, लेखाला लेखासारखं, ध्वनिफितीला ध्वनिफितीसारखं, आणि तिन्ही मागवायची यादी मात्र एकच असू द्या. यादी एक असणं आणि प्रवाह एक असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नव्या ॲपच्या चर्चेत त्यांची सतत गल्लत होते.

तिसरा दावा अल्गोरिदमचा. अल्गोरिदम या कल्पनेशीच माझं वैर नाही. वर मी सुचवलेले नियमही अल्गोरिदमच आहेत. प्रश्न तो कुणाच्या हिताचा आणि कुणाच्या हातात, हा आहे. फेसबुकनं २०१७ पासून काही काळ संतापाच्या चिन्हाला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांतून जगाला कळलं. म्हणजे ज्या काळात कोट्यवधी माणसं सकाळी उठून फेसबुक उघडत होती, त्या काळात त्यांना काय वर दिसावं याचा नियम त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हता. ब्लूस्कायनं इथं खरोखर चांगलं पाऊल टाकलं आहे. २०२३ पासून तिथं कुणीही स्वतःच्या नियमांची फीड बनवू शकतो आणि वापरणारा त्यांतून निवडतो. पण ती निवडलेली फीड चालते दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर. त्यानं ती बंद केली की तुमचा क्रम गेला, त्यानं आतला नियम बदलला तर तुम्हाला कळेलच असं नाही. माझी मागणी एक पायरी पुढची आहे. क्रम लावायचा नियम वाचकाच्या यंत्रावर चालावा, त्याला वाचता यावा, आणि एका रीडरमधून दुसऱ्यात नेता यावा. यादीच्या बाबतीत हे आपण फार पूर्वीच साधलं आहे. ओपीएमएल नावाची एक साधी फाइल असते. तिच्यात आपले सगळे स्रोत घेऊन दुसऱ्या रीडरकडे जाता येतं. २०१३ मध्ये गूगल रीडर सोडणाऱ्या अनेकांना घर बदलता आलं ते तिच्यामुळे. यादीसारखाच नियमही आपल्यासोबत नेता आला पाहिजे.

इथं मला हमखास सांगितलं जातं की प्रोटोकॉल खुला आहे ना, मग काळजी कसली? ईमेलचा प्रोटोकॉलही खुलाच आहे. तरी २०१३ मध्ये जीमेलनं टॅब आणले आणि कुठलं पत्र पहिल्या पानावर, कुठलं 'प्रमोशन'च्या ढिगात, हे गूगलचा प्रोग्राम ठरवू लागला. छोट्या नियतकालिकांची पत्रकं पाठवणाऱ्यांना याचा ताप आजही आहे. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरनं बाहेरच्यांनी बनवलेली वाचायची ॲप एका फटक्यात बंद केली. ट्वीटबॉट, ट्विटरिफिक ही ॲप लोकांनी वर्षानुवर्षं पैसे देऊन वापरली होती. त्याच वर्षी रेडिटनं एपीआयचे दर लावले आणि ३० जूनला अपोलो हे रेडिट वाचायचं ॲप बंद झालं. मजकूर लोकांचा होता, वाचणारे लोक होते, वाचायची खिडकी तेवढी मालकाची होती. उद्या मास्टोडॉन आणि ब्लूस्कायवरचं सगळं वाचन दोन-चार लोकप्रिय ॲपमधूनच होऊ लागलं आणि त्यांनी क्रम ठरवायला घेतला, तर खालचा प्रोटोकॉल खुला असून वाचकाला काय मिळणार?

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मी फार गंभीरपणे घेतो, आणि तो तंत्रज्ञांपेक्षा मास्टोडॉनवरच्या साध्या माणसांकडून आलेला आहे. आम्ही चार लोकांत बोलतो, ते दुसऱ्याच कुणाच्या यंत्रात साठवलं जावं अशी आमची इच्छा नाही, असं ते म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मास्टोडॉन आणि ब्लूस्काय जोडणाऱ्या ब्रिजी फेड या पुलावरून याच मुद्द्यावर मोठं वादंग झालं. शेवटी, स्वतःहून होकार देईल त्याचंच लेखन पलीकडे न्यायचं, असं त्या पुलाच्या कर्त्याला ठरवावं लागलं. मला तो निर्णय योग्य वाटला. फीडची इथं खरी अडचण आहे. फीडमध्ये शेवटच्या काही नोंदीच असतात. एखादी नोंद तिथून नाहीशी झाली तर ती जुनी झाली म्हणून गेली की लेखकानं खोडली म्हणून, हे रीडरला ओळखता येत नाही. ॲटममध्ये खोडलेल्या नोंदीची खूण ठेवायची सोय २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, पण ती फार थोड्यांनी वापरली. ॲक्टिव्हिटीपबमध्ये मात्र खोडल्याचा निरोप पाठवायची रीत पहिल्यापासून आहे. तेव्हा नव्या रीडरनं सोशल स्रोतांसाठी तो निरोप पाळलाच पाहिजे, आणि जिथं तो मिळत नाही तिथं साठवलेली नोंद दाखवण्यापूर्वी मूळ दुवा अजून जिवंत आहे का, हे तपासलं पाहिजे. माणसानं मागे घेतलेला शब्द त्याच्या इच्छेविरुद्ध जपून ठेवणारा रीडर मला नको.

संवादाचंही तसंच. जुना रीडर एकाकी होता. वाचलं, आवडलं, पण लेखकाला दोन शब्द कळवायचे तर ब्राउझर उघडून त्याच्या साइटवर जावं लागे. गूगल रीडरमधलं शेअरिंग लोकांना प्रिय होतं ते त्यासाठीच, की ओळखीच्या माणसांच्या लहान वर्तुळात वाचलेल्यावर बोलता यायचं. आज खुल्या वेबवर हे पुन्हा करता येतं: लेख रीडरमध्ये वाचायचा आणि उत्तर आपल्या खात्यावरून, आपल्या नावानं, मूळ लेखकापर्यंत पोचवायचं. हे जोडून देणारा रीडर मला हवा आहे. लाइकचे आकडे त्यात दिसले नाहीत तरी काही बिघडत नाही.

आणखी एक आक्षेप महाराष्ट्रात नेहमी ऐकू येतो: हे सगळं हौशी लोकांसाठी ठीक आहे, सामान्य माणसाला व्हॉट्सॲपवर सगळं मिळतं. मिळतं, पण ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठे लिहिलं हे गळून पडलेल्या अवस्थेत मिळतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारलं. त्या काळात देशभर अशाच अफवा मोबाइलवरून फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. फीड रीडर असता तर हे टळलं असतं, असा दावा मी करत नाही. एवढंच सांगतो, की फीडमधली प्रत्येक नोंद आपल्या मूळ पत्त्यासह येते, आणि ज्या समाजाला बातमीचा उगम पाहायची सवय लावायची आहे त्याच्या हातात असं साधन असणं ही चैन नाही. ते सामान्य माणसापर्यंत न्यायचं तर पॉडकास्टचा धडा गिरवावा लागेल. साइटवर एक बटण हवं, ते दाबलं की स्रोत यादीत जायला हवा. फाइल, साचा, पत्ता यातलं काहीही वाचकापुढे यायला नको.

म्हणून, जे कुणी असे रीडर घडवत आहेत, आणि त्यांत पुण्या-मुंबईची, परदेशातली मराठी मुलंही असतील, त्यांना माझी विनंती आहे. आकडा काढा, पण हळू लिहिणाऱ्याला जागा राखा. नियम लावा, पण तो वाचकाला दाखवा आणि सोबत नेऊ द्या. आणि आपला रीडर बंद करायची वेळ आली तर यादी बाहेर काढायची सोय शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

दिवाळी अंकांच्या, साप्ताहिकांच्या, संस्थांच्या साइट चालवणाऱ्यांनाही सांगायचं आहे. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर फीड आपोआप तयार होत असते. सेटिंगमधल्या 'रीडिंग'च्या पानावर जाऊन ती पूर्ण मजकूर देते की नुसता सारांश, हे एकदा पाहा. कुणी डिझाइन करताना ती बंद केली असेल तर चालू करून घ्या, मुखपृष्ठावर तिचं बटण ठेवा, आणि एखाद्या रीडरमध्ये स्वतःचाच अंक मागवून अक्षरं, चित्रं, लेखकाचं नाव नीट उमटतंय ना, हे तपासा. हे काम एका संध्याकाळी होण्यासारखं आहे. या दिवाळीचे अंक यायच्या आत ते करा.